मिरचीचा ठसका आणि मीटरभराचं अंतर

उन्हाळा लागला की शिरूरच्या बाजारपेठेत मिरची कांडपाच्या दुकानांसमोर पिशव्यांची रांग लागते. आत कांडप यंत्राची मुसळं धाडधाड पडत असतात, दुकानदाराच्या नाकावर ओला रुमाल असतो आणि दहा पावलांवरून जाणारा मोटारसायकलवाला एकाएकी ठसकतो. त्याने मिरचीला हात लावलेला नसतो. कण डोळ्यांना दिसतही नाहीत, तरी घसा धरतो. घरी फोडणीत मिरची करपली की ओसरीवरचे आजोबा खोकायला लागतात आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली की दोन मिनिटांत सगळं निवळतं. श्वसनाचे विषाणू हवेतून कसे पसरतात, या प्रश्नाचं निम्मं उत्तर आपल्या घरातल्या बायकांना असं पाठ आहे. उरलेलं निम्मं शोधायला वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षं लागली आणि त्यातला बराच काळ ते उलट्या वाटेने चालत होतं.

२०२० च्या एप्रिलमध्ये आपण काय करत होतो ते आठवा. डाळिंबाच्या बागेतले ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत सोडियम हायपोक्लोराइट फवारलं. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, नोटांना इस्त्री केली, वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ते अडवले. आणि त्याच आठवड्यात धान्यवाटपाच्या याद्या करायला पंधरा माणसं पत्र्याच्या खोलीत, पंखा लावून, दार लोटून बसली. मास्क सगळ्यांना होते, हनुवटीवर. त्या पंधरांत मीही होतो. माणसांवर जंतुनाशक फवारू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच एप्रिलमध्ये बजावलं. रस्ते फवारून उपयोग नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने मे महिन्यात सांगितलं. तोवर ब्लोअरचं डिझेल जळून गेलं होतं.

आपण मूर्ख होतो म्हणून हे घडलं नाही. स्पर्शाची भीती आपल्याला शिकवली गेली होती, आणि शिकवणाऱ्यांकडे त्याला कारणही होतं. एकोणिसाव्या शतकापर्यंत साथी ‘वाईट हवेने’ येतात असं जगभर मानत. ‘मलेरिया’ या नावाचा अर्थच मुळी वाईट हवा. जंतूंचा शोध लागल्यावर ही समजूत मोडून काढणं डॉक्टरांना गरजेचं वाटलं. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी १९१० साली संसर्गावरच्या आपल्या ग्रंथात मांडलं की रोग प्रामुख्याने संपर्कातून पसरतात, हवेतून क्वचित. त्यांची चिंता व्यवहारी होती. हवेलाच दोष दिला की लोक म्हणणार, हवा काय कुणाला चुकते? आणि हात धुवायचे सोडून देणार. आतड्याच्या रोगांसाठी हा युक्तिवाद सोन्याचा होता. श्वसनाच्या रोगांना तो तसाच लावला गेला, तिथे घोळ झाला.

विल्यम वेल्स या अभियंत्याने १९३४ मध्ये हिशेब मांडला: खोकल्यातला मोठा थेंब जमिनीवर पडतो, छोटा थेंब पडायच्या आत वाळतो आणि त्याचं बी हवेत तरंगत राहतं. त्यांच्या हिशेबात ही सीमा १०० मायक्रॉनच्या आसपास होती, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडी अधिक. पण पुढे पाठ्यपुस्तकांत आकडा आला ५ मायक्रॉनचा. पाचाहून मोठा कण मीटर-दोन मीटरांत खाली पडतो, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. २०२१ मध्ये लिन्सी मार, कॅथरीन रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी कागदपत्रं चाळून या पाचाचं मूळ शोधलं. तो आकडा क्षयरोगाच्या अभ्यासातला निघाला. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचायला कण किती बारीक लागतो, याचं ते माप होतं. कण हवेत किती वेळ टिकतो, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. तलाठ्याच्या दप्तरात एका गटाचं क्षेत्र दुसऱ्याच गटाच्या सातबाऱ्यावर चढावं आणि पुढची चाळीस वर्षं सगळे खटले त्यावर चालावेत, तसा प्रकार.

आकडे असे आहेत. दीड मीटर उंचीवरून, शांत हवेत, १०० मायक्रॉनचा थेंब पाचेक सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, १ मायक्रॉनच्या कणाला बारा तास. आणि आपण श्वास सोडताना, बोलताना जे कण बाहेर टाकतो, त्यांतले बहुसंख्य या शेवटच्या जातीचे असतात. ते तोंडातच तयार होतात असंही नाही. श्वास सोडल्यावर फुप्फुसातल्या बारीक नळ्या मिटतात, श्वास घेताना उघडतात, आणि उघडताना त्यांवरचा ओलावा साबणाच्या फुग्यासारखा फुटतो. दुसरा उगम कंठातल्या स्वरतंतूंचा. आवाज चढवला की कण वाढतात, गाताना आणखी. थुंकी उडवणारा माणूस आपल्याला घाण वाटतो आणि आपण दूर सरकतो. शेजारी बसून गोड गप्पा मारणाऱ्यापासून कुणी सरकत नाही.

सर्दीच्या बाबतीत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८७ साली झालेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो पारावरच्या पत्त्यांच्या डावासारखाच आहे. सर्दी झालेल्या आणि न झालेल्या माणसांना एका खोलीत बारा तास पोकर खेळायला बसवलं. निरोगी खेळाडूंपैकी निम्म्यांच्या हातांना किंवा मानेला असं साधन बांधलं की त्यांना नाका-डोळ्यांना हात लावताच येऊ नये. तरी त्यांच्यातल्याही निम्म्याहून अधिक जणांना सर्दी झालीच. मग सर्दीवाल्यांनी हाताळलेले, शेंबडाने ओले झालेले पत्ते दुसऱ्या खोलीत निरोगी माणसांना खेळायला दिले आणि मुद्दाम चेहऱ्याला हात लावायला सांगितलं. बारांपैकी एकालाही सर्दी झाली नाही. प्रयोग लहान होता, त्याने सगळा निकाल लागला असं म्हणता येणार नाही. पण नोटांना इस्त्री करण्याआधी कुणी तो वाचला असता तर बरं झालं असतं.

आपल्या भागाकडे येऊ. हवेतून पसरणाऱ्या साथीची इथली सर्वांत मोठी आठवण ‘मानमोडी’ची. १९१८ चा इन्फ्लुएन्झा गावोगाव याच नावाने ओळखला गेला. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले; त्यांतला एक गोदीत कामाला होता. पहिली लाट त्या मानाने सौम्य गेली. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट काळ होऊन आली. त्यात पावसाने दडी मारलेली, धान्य महागलेलं. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली. आजच्या भारताच्या हद्दीपुरतं पाहिलं तर ज्या दशकात लोकसंख्या घटली असं १९११ ते १९२१ हे जनगणनेतलं एकमेव दशक.

रोग इतक्या वेगाने आतवर कसा शिरला, याचं उत्तर तेव्हाचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांच्या अहवालात आहे: रेल्वेने. दौंडला तेव्हा जंक्शन होऊन चाळीस वर्षं झाली होती, मनमाडची लाइन १८७८ ची. मुंबईहून मद्रासकडे जाणारी गाडी आणि उत्तरेकडचा फाटा इथे भेटत. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, रात्री, खिडक्या लावून दाटीवाटीने बसलेली माणसं दौंडच्या फलाटावर उतरून दुसऱ्या गाडीत चढत होती. रोगाला याहून सोयीचा पत्ता मिळाला नसता. १०२ वर्षांनी इतिहासाने विचित्र खोडी केली. २०२० च्या उन्हाळ्यात दौंडमध्ये सुरुवातीला ज्यांच्यात करोना आढळला त्यांत मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवान होते. पुन्हा पोलीस, पुन्हा मुंबई. एक ट्रक, एक बराक, एक हवा वाटून घेणं हे ज्यांच्या नोकरीतच आहे अशी माणसं.

शिरूर तालुक्याच्या वाट्याला मात्र साथीच्या आठवणीहून मोलाचं काहीतरी आलं आहे, आणि तालुक्यात ते फार थोड्यांना ठाऊक असतं. संभाजीराजांच्या समाधीमुळे वढू बुद्रुक सर्वांना माहीत आहे. त्याच वढूत पुण्याच्या केईएम रुग्णालयाने, डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने, सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. पुढे २००२ पासून केईएमच्या संशोधन केंद्राने शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची कायमची आरोग्य-नोंदवही सुरू केली. कोण जन्मलं, कोण वारलं, कोण सासरी गेलं, कोण कारखान्यातल्या नोकरीसाठी राहायला आलं, याची घरोघर जाऊन नोंद. अशा नोंदवह्या देशात मोजक्याच आहेत. तिचा उपयोग असा: एखाद्या रोगाचे किती रुग्ण आले हे कुठलंही रुग्णालय सांगू शकतं, पण किती लोकांमागे किती, हे सांगायला खालचा आकडा लागतो. तो वढूकडे आहे.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला, शहर घाबरून रुमाल बांधून फिरू लागलं आणि नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. त्याच काळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या डॉ. मनदीप चढ्ढा, केईएमचे डॉ. सिद्धिविनायक हिरवे आणि त्यांचे सहकारी वढूच्या गावांतून रुग्णालयात दाखल होणाऱ्या माणसांच्या घशातले नमुने तपासत होते. साथीच्या वर्षी आणि साथ ओसरल्यानंतरच्या वर्षीही, दर १०,००० लोकांमागे चाळीसहून अधिक जण वर्षाला फ्लूमुळे रुग्णालयात दाखल होत होते. पाच हजार वस्तीच्या गावाला हा हिशेब लावला तर वर्षाला वीसेक माणसं. या वीस जणांच्या केसपेपरवर बहुधा ‘ताप’, ‘न्यूमोनिया’, ‘दमा’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. फ्लू हा शहरी, विमानातून येणारा रोग आहे, ही आपली समजूत या एका आकड्याने मोडते. साथ गेली आणि आकडा फारसा उतरला नाही, याचा अर्थ तो आधीही होता. मोजला नव्हता, एवढंच.

दुसरी गोष्ट ऋतूची. युरोप-अमेरिकेत फ्लू थंडीचा पाहुणा, म्हणून पाठ्यपुस्तकात थंड आणि कोरड्या हवेचं कारण दिलेलं असतं. वढूसह पश्चिम भारतातल्या नोंदी सांगतात की आपल्याकडे त्याचा मुख्य जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. कधी फेब्रुवारी-मार्चमध्येही उसळी येते, २०१५ साली आली होती. श्रीनगरकडे मात्र तो थंडीतच येतो. आता, आषाढ-श्रावणात हवा कोरडी नसते, सगळं ओलं असतं. मग तेव्हाच का? एकच कारण पुरत नाही. ओलसर, ढगाळ दिवसांत ऊन कमी, आणि उन्हातली अतिनील किरणं विषाणूंचा काळ असतात. त्यात माणसं आत कोंडतात. पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडकीला गोणपाट लागतं, वर्गाची दारं लोटली जातात, एसटीच्या काचा बंद होतात आणि जूनमध्ये शाळाही उघडलेली असते. माझा कल या दुसऱ्या कारणाकडे आहे. शास्त्रज्ञांत यावर अजून वाद चालू आहे. यातून लशीचं एक साधं गणित मात्र निघतं. फ्लूची लस अमेरिकेत ऑक्टोबरात घेतात. शिरूर-दौंडमधल्या वयस्क माणसांनी, दमेकऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ती घ्यायची तर पावसाळ्याच्या आत, एप्रिल-मेमध्ये घ्यायला हवी.

२०२० कडे परत जायला हवं, कारण जगाची समजूत तिथेच पालटली. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ठणकावून जाहीर केलं की करोना हवेतून पसरत नाही. तेव्हा त्याआधीच्या १० मार्चची घटना अजून फारशी बाहेर आली नव्हती. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यातलं एक हौशी गायकवृंद त्या संध्याकाळी अडीच तास सरावाला जमलं होतं. ६१ माणसं, त्यांतला एक आजारी. हस्तांदोलन नाही, मिठी नाही, दारात हात स्वच्छ करायची सोय. पुढच्या काही दिवसांत ५२ जण आजारी पडले, दोघं दगावले. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मंदिराच्या मागचं भजनी मंडळ आठवलं. थंडीत दार ओढून, गुडघ्याला गुडघा लावून, टिपेला आवाज. चौफुल्याच्या कला केंद्रांमधल्या लावणीच्या बंद बैठकाही तशाच. करोनाने तिथल्या बायकांची रोजीरोटी दोन वर्षं बुडवली. कुणी त्यांना हवेच्या भाषेत नीट समजावून सांगितलं असतं तर उघड्या मंडपाचा तरी विचार झाला असता.

उलट उदाहरण वारीचं. तुकोबांची पालखी यवत, वरवंडवरून दौंड तालुका ओलांडते. २०२० आणि २०२१ ला ती पायी निघाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. तेव्हा कुणालाच जोखीम परवडणारी नव्हती. पण धोका कुठे होता हे आज नेमकं सांगता येतं. माळरानावरून, वाऱ्यात, चालत जाणाऱ्या दिंडीपेक्षा तो रात्रीच्या मुक्कामात जास्त होता: शाळेच्या वर्गात ओळीने पसरलेल्या पथाऱ्यांत, ताडपत्री चारी बाजूंनी बांधलेल्या राहुटीत. उघड्यावर श्वास वाऱ्यावर जातो, विरतो. बंद जागेत तो साठतो.

जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी लिहिलेलं पत्र २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने प्रसिद्ध झालं: हवेतला प्रसार मान्य करा. आरोग्य संघटनेने आपल्या संकेतस्थळावर तो स्पष्ट शब्दांत मान्य केला एप्रिल २०२१ अखेर. तेव्हा आपल्याकडे दुसरी लाट टिपेला होती आणि ऑक्सिजनच्या खाटेसाठी लोक शिक्रापूरपासून हडपसरपर्यंत फोन फिरवत होते. भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये खिडक्या, पंखे आणि एक्झॉस्ट यांवर पत्रक काढलं आणि बारीक कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात असं त्यात लिहिलं. २०२४ मध्ये आरोग्य संघटनेने शब्दच बदलले. थेंब आणि तुषार हा जुना भेद सोडून लहानमोठे सगळे ‘संसर्गजन्य श्वसनकण’, आणि प्रसार ‘हवेतून’.

एवढा उशीर का? ‘हवेतून’ हा शब्द उच्चारला की प्रत्येक परिचारिकेला एन-९५ मास्क द्यावा लागतो, रुग्णालयांची हवा बदलावी लागते, कारखान्यांना आणि कार्यालयांना जबाबदार धरता येतं. ‘हात धुवा’ म्हटलं की जबाबदारी तुमच्या-माझ्यावर येऊन पडते, आणि साबण स्वस्त असतो. हे एकच कारण होतं असं नाही. शास्त्रातली सवय हेही मोठं कारण होतं. पण खर्चाचा विचार त्यात नव्हता असं मानायला मी तयार नाही.

याचा अर्थ मीटरभराचं अंतर निरुपयोगी होतं का? नाही. मिरची कांडपाच्या दारात उभं राहिलं तर रस्त्यापेक्षा जास्तच ठसका लागतो, कारण कण तिथे दाट असतात. माणसाच्या तोंडासमोरही तसंच. जवळची हवा सर्वांत धोक्याची, हे जुन्यांनी बरोबर पाहिलं होतं. फक्त त्याचं कारण त्यांनी जमिनीवर पडणाऱ्या थेंबात शोधलं. हा बारीक फरक व्यवहारात मोठा होतो. थेंबच कारण असतील तर दोन मीटरवर बसलेला माणूस सुरक्षित. कण तरंगत असतील तर बंद खोलीत तासाभराने दोन मीटर आणि पाच मीटर यांत फारसा फरक उरत नाही. अमेरिकेत अलास्कात १९७७ साली एक विमान बिघाडामुळे तीन तास धावपट्टीवर उभं राहिलं, आतली हवा फिरवणारी यंत्रणा बंद. आत फ्लू झालेला एक प्रवासी. ७२ तासांत विमानातले ७२ टक्के लोक आजारी. पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरच्या कोंडीत अडकलेली, काचा सीलबंद असलेली, रांजणगावच्या पाळीची वातानुकूलित बस पाहिली की मला ते विमान आठवतं. लालपरीच्या खडखडत्या, कधी पूर्ण न लागणाऱ्या काचांना आपण शिव्या घालतो; हवेच्या बाबतीत ती शिवशाहीहून बरी.

घरांचंही तसंच झालं आहे. या कोरड्या पट्ट्यातली जुनी घरं माळवदाची. भिंती जाड, खिडक्या लहान, अंधारच. पण छताला साणं असायचं. चुलीचा धूर त्यातून वर निघून जायचा, त्याबरोबर घरातली शिळी हवाही. आज गावठाणात स्लॅबची घरं झाली आणि कारेगाव, सणसवाडीकडे औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांच्या ओळीच्या ओळी. दहा बाय दहा, वर पत्रा, एक दार, आणि खिडकी असलीच तर शेजारच्या भिंतीवर उघडणारी. पाळीपाळीने काम करणारी चार-पाच पोरं एका खोलीत झोपतात. लसीकरणाच्या मोहिमा इथवर पोचल्या. खोलीला समोरासमोर दोन खिडक्या असाव्यात, असं कुठल्याही मोहिमेने घरमालकाला सांगितलं नाही.

ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचा प्रकार वेगळा. भीमेच्या पट्ट्यात गाळपाच्या हंगामात पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. पाचटाची कोपी फटींनी भरलेली, हवा खेळती. काळी ताडपत्री चापून बांधलेली कोपी म्हणजे बंद डबा, आणि आत चूल पेटलेली. चुलीचा किंवा गुऱ्हाळाच्या भट्टीचा धूर विषाणू नेत नाही, पण श्वासनलिकेचं अस्तर दुखावतो आणि त्या दुखावलेल्या जागी विषाणूला शिरायला सोपं जातं. दोन वर्षांच्या पोरासाठी हे दोन्ही एकाच रात्री घडतं.

पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत रॉड एस्कोम्ब आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केलेला अभ्यास शाळा-दवाखाने बांधणाऱ्या प्रत्येक बांधकाम उपअभियंत्याला वाचायला द्यावा असा आहे. १९५० पूर्वीचे उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे जुने वॉर्ड आणि नंतरचे बसक्या छताचे आधुनिक वॉर्ड यांची त्यांनी तुलना केली. खिडक्या उघड्या असताना जुन्या वॉर्डांत तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती, नव्यांत १७ वेळा. यंत्राने हवा खेळवलेल्या खास खोल्या तर १२ वर अडकलेल्या. जिल्हा परिषदेच्या जुन्या कौलारू शाळा, दौंडच्या रेल्वे वसाहतीतले उंच छताचे बंगले, हे सगळं आपण जुनाट म्हणून पाडत आलो.

पंख्याबद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. छताचा पंखा हवा बदलत नाही, फक्त ढवळतो. स्प्लिट एसी तीच हवा गार करून पुन्हा अंगावर सोडतो. खिडकीत, तोंड आत करून बसवलेला कूलर मात्र बाहेरची ताजी हवा ओढतो आणि समोर दार उघडं असेल तर शिळी बाहेर ढकलतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांना हे केव्हाच कळलेलं आहे. तोच कूलर खोलीच्या मधोमध ठेवला की निम्मा उपयोग गेला. साध्या एक्झॉस्ट पंख्याची किंमत मोबाइलच्या चांगल्या कव्हराच्या आसपास असते.

हवा शिळी झाली आहे हे कळायचं कसं? आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ४०,००० भाग असतो, बाहेरच्या हवेत ४२० च्या आसपास. खोलीतला आकडा १,२०० वर गेला, तर त्या खोलीत घेतलेल्या प्रत्येक श्वासाचा पन्नासावा हिस्सा दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. भरलेल्या वर्गात, खिडक्या लावून, इथवर पोचायला एक तासिका पुरते. हा आकडा दाखवणारं मीटर खिशात मावतं. चूल पेटलेल्या घरात ते फसवतं, कारण जळणाचाही कार्बन डायऑक्साइड त्यात येतो. वर्गात, बँकेत, दवाखान्याच्या बाकांवर मात्र ते खरं बोलतं.

मीटर महाग वाटतं तर बनवता येतं. पाबळच्या विज्ञान आश्रमात, डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ साली सुरू केलेल्या त्या शाळेत, नववी-दहावीच्या वयाची मुलं वेल्डिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये तिथेच उभी राहिली. अशा दहा मीटरांचं काम शिरूर पंचायत समितीने पाबळला द्यावं आणि ती मीटरं महिनाभर एकेका शाळेत फिरवावीत. ज्या वर्गात आकडा हजारावर जाईल त्या वर्गाच्या भिंतीला खिडकी पाडायचा ठराव ग्रामसभेत मांडावा. चौदा वर्षांच्या मुलीने स्वतः जोडलेल्या मीटरवरचा आकडा वाचून दाखवला तर कोण सरपंच नाही म्हणेल?

एवढं होईपर्यंत थांबायची गरज नाही. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. वढूच्या नोंदींप्रमाणे फ्लू जुलैत चढतो. मध्ये तीन-चार आठवडे आहेत. तेवढ्यात आपल्या गावच्या शाळेत एकदा जाऊन या, खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घाला आणि झड आत येऊ नये म्हणून बाहेरून पत्र्याची पडवी लावता येते का ते मुख्याध्यापकांना विचारा, म्हणजे पावसातही खिडक्या उघड्या राहतील.